बारीक माणसाचे पाय का बुडतात

भाऊ, तू सडपातळ, तरी पोहताना पाय खाली जातात आणि तुझा जाडजूड मित्र आरामात तरंगतो, यात नवल नाही. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. स्नायू आणि हाडं जड. शेतात राबून तुझ्या मांड्या-पोटऱ्या घट्ट झाल्यात, त्या बुडणारच. त्यासाठी वजन वाढवू नको.

छातीत हवा असते, म्हणून वरचं अंग तरंगतं. घाबरून डोकं वर काढलं की कंबर आणखी खाली जाते. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच!

- चेहरा पाण्यात, नजर तळाकडे.
- श्वास पाण्यात सोड, तोंड बाजूला वळवून घे.

मित्राला सांग, रुंद अंगाला पाणी जास्त अडवतं. घाई केली तर दम लागेल.

उंच असलं तरच पोहता येतं, असं मनावर घेऊ नको. ऑलिम्पिकचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स 193 सेंमी उंच आहे, पण ते गणित शर्यतीचं. वेगाचं आपण नंतर बघू.

गावच्या जुन्या मालगुजारी तलावाच्या काठाला, गाळ नसेल तिथे, कमरेएवढ्या पाण्यात शिक. पाठीला ट्यूब बांध, सोबत पट्टीचा पोहणारा हवाच. पावसाळ्यात वैनगंगा नदीत अजिबात उतरू नको. तिच्यावरच्या गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी झपाट्याने चढतं.