साथीच्या काळात निवडणूक घेतली तर लोक मतदानाला येतात का? आणि त्यांना सुरक्षितपणे कसं आणायचं?

येतात. पण ‘मतदान करा’ असे फलक लावल्याने येत नाहीत. मी निवडणुकीच्या ड्युटीवर केंद्रात बसलेलो आहे, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी असेल. साथीत माणूस बटण दाबायला घाबरत नाही, रांगेला घाबरतो. रांग फोडली की मोठा प्रश्न सुटतो.

दक्षिण कोरियाने १५ एप्रिल २०२० रोजी संसदेची निवडणूक घेतली, निम्मं जग घरात कोंडलेलं असताना. मतदान ६६.२ टक्के झालं, म्हणजे १९९२ नंतरचं तिथल्या संसदीय निवडणुकीतलं सर्वाधिक. त्याआधी १० आणि ११ एप्रिलला लोकांना सोयीच्या केंद्रावर आगाऊ मत देता येत होतं आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त मतदारांनी तेव्हाच काम उरकलं होतं. दारात ताप मोजायचे, हातमोजे द्यायचे. ताप ३७.५ अंशांच्या वर गेला तर माणसाला परत न पाठवता बाजूच्या वेगळ्या कक्षात मत देऊ द्यायचे. मला हीच सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. ‘ताप असेल तर मत नाही’ असा नियम केला असता, तर लोक गोळी घेऊन रांगेत उभे राहिले असते. घरी विलगीकरणात असलेल्यांसाठी संध्याकाळी ६ नंतरची वेळ होती. बिहारमध्येही २०२० साली असंच केलं: एका केंद्रावर १५०० ऐवजी जास्तीत जास्त १००० मतदार, शेवटचा तास बाधितांसाठी. तिथे टक्का पडला नाही, सुमारे ५७ वर राहिला.

उलट फ्रान्स बघा. १५ मार्च २०२० ला स्थानिक निवडणुकीची पहिली फेरी होती आणि आदल्या संध्याकाळी सरकारने कॅफे-रेस्टॉरंट बंद केली. रात्री सांगायचं घरी बसा, सकाळी म्हणायचं मतदानाला या! २०१४ साली तिथे ६० टक्क्यांच्या वर मतदान झालं होतं, या वेळी ते ४५ च्या आसपास आलं.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट: केंद्रावरची माणसं. अमेरिकेत मिलवॉकी शहरात ७ एप्रिल २०२० ला एरवीच्या सुमारे १८० केंद्रांऐवजी फक्त ५ उघडली, कारण कामाला यायला माणसंच नव्हती. तिथे हे काम करणारे बरेच जण वयस्कर, म्हणजे आजाराचा धोका त्यांनाच जास्त. मग जे व्हायचं तेच झालं, लोक तासन्‌तास रांगेत. केंद्रं कमी केली की गर्दी कमी होत नाही, ती एका जागी साचते. म्हणून माझ्या हातात असतं तर पहिला खर्च राखीव कर्मचाऱ्यांवर केला असता, सॅनिटायझर नंतर. भारतात २०२१ साली निवडणूक कर्मचाऱ्यांना आघाडीचे कर्मचारी मानून लस आधी दिली, ते मला योग्य वाटलं.

टपाली मतदान चांगलं, पण ऐनवेळी सुरू करू नका. सही चुकते, पाकीट उशिरा पोचतं, आणि मत बाद झालंय हे मतदाराला कळतही नाही.

आणि खरं सांगू का, केंद्रात माणूस जेमतेम दहा मिनिटं असतो. प्रचारसभेत दोन-दोन तास खांद्याला खांदा लावून घोषणा देतो. एप्रिल २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आयोगाला फटकारलं ते सभांवरूनच. सभांना मोकळं रान देऊन केंद्रात चुन्याची वर्तुळं आखण्यात फारसा अर्थ नाही.

तुम्ही स्वयंसेवक असाल तर आपल्या केंद्रावर कोणत्या तासाला गर्दी कमी असते ते आदल्या दिवशी लोकांना कळवा, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना ती वेळ गाठून द्या. ओळख पटवताना मास्क क्षणभर खाली करावा लागतो, हेही आधीच सांगून ठेवा. त्यावरून टेबलापाशी वाद झाला की मागची सगळी रांग खोळंबते.