बाळ कुणापाशी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात काम करते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आली, बाळ साडेचार महिन्यांचं आहे. फर्स्ट शिफ्ट असल्यानं सकाळी साडेसहाला घर सोडायचं ते दुपारी चारला परत. बाळाला सासूबाई सांभाळतील, पण त्या म्हणतात, आतापासूनच डब्याचं दूध सुरू कर. दुसरा मार्ग आहे का? (सिडको)

उत्तर : आहे, फक्त तयारीला दोन आठवडे हवेत. २६ आठवड्यांत प्रसूतीच्या आधीचे आठवडेही (जास्तीत जास्त ८) मोजले जातात. त्यामुळे रुजू होण्याची तारीख येते तेव्हा बऱ्याच जणींचं बाळ सहा महिन्यांचं झालेलंच नसतं, आणि तोवर त्याला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही. म्हणजे दूध काढून ठेवायचं.

हात साबणानं धुवायचे. झाकणाच्या स्टीलच्या वाट्या १० मिनिटं उकळून घ्यायच्या. अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाच्या काळसर भागाच्या कडेला; आधी छातीच्या दिशेनं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. नुसतं स्तनाग्र पिळलं तर दुखतं आणि दूध येत नाही. एका बाजूला ३ ते ५ मिनिटं, मग दुसरी, असं आलटूनपालटून २० ते ३० मिनिटं. पहिले दोन-तीन दिवस जेमतेम तळ झाकेल एवढंच येतं. तिथेच बहुतेक जणी 'मला दूधच नाही' म्हणून सोडून देतात. तसं करू नका, सवयीनं वाढतं. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर काढलं तर जास्त मिळतं.

या वयाचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध पितं. साडेनऊ तासांसाठी ३ वेळचं, दर वेळी ८० ते १२० मिली धरा. एका वाटीत एकाच वेळचं ठेवा आणि वर चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहा. साध्या खोलीत दूध ४ तास टिकतं, पण ते २५ अंशांपर्यंतच्या हवेत. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा हिशेब धरू नका, लगेच फ्रिजमध्ये टाका. तिथे ४ दिवस चालतं. दारात नाही, मागच्या बाजूला ठेवायचं, कारण दार उघडलं की तिथला थंडावा पहिला जातो. वीज गेली तर दार उघडूच नका, बंद फ्रिज ४ तास थंड राहतो. ताजं कोमट दूध थेट थंड दुधात ओतू नका, आधी गार होऊ द्या.

वर साय आली, दूध फुटल्यासारखं दिसलं तर सासूबाई ते ओतून देतील. त्यांना आधीच दाखवून ठेवा : ते खराब नाही, वाटी हलकेच फिरवली की एकजीव होतं. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. उष्टं उरलेलं २ तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. पाजायला बाटलीपेक्षा बोंडलं किंवा वाटी-चमचा बरा. बाळाला अर्धवट बसवून, दूध ओठाला लावायचं, घशात ओतायचं नाही. आणि पहिले काही दिवस पाजताना तुम्ही त्या खोलीत थांबू नका. आई समोर असताना बाळ वाटीकडे कशाला बघेल?

आता कंपनी. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीनं द्यायची असते आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुटीखेरीज दूध पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुटी मिळते. या दोन सुट्या दूध काढण्यासाठी मागा, साधारण ३ तासांच्या अंतरानं. एचआरला तोंडी सांगू नका, अर्ज द्या. शिफ्टभर दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, ताप येतो आणि पुढच्या आठवड्यापासून दूध आटायला लागतं. कंपनीत फ्रिज नसेल तर बर्फाच्या पाकिटांसह इन्सुलेटेड पिशवीत दूध २४ तास राहतं. आणि सासूबाईंना एवढंच सांगा की दुपारी तीननंतर काही पाजू नका. तुम्ही दारात आलात की बाळाला भूक असू द्या.

प्रश्न : वय ६३. मुलगा-सून नोकरीला, ११ महिन्यांचा नातू दिवसभर माझ्याकडे. अंघोळीनंतर धुरी, सकाळी मधातली गुटी आणि द्राक्षाचा हंगाम असल्यानं चार द्राक्षं, यावरून सूनबाईशी रोज खटके उडतात. आमची मुलं अशीच वाढली ना? (पंचवटी)

उत्तर : आजी, तिन्ही बाबतींत सूनबाईचं बरोबर आहे. पण कारण न सांगता नुसतं 'नको' म्हणणं, ही तिची चूक.

मधात कधी कधी जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही. एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषानं अंग लुळं पडू शकतं. म्हणून वर्षाआधी मध चाटवायचा नाही. गुटीत जायफळाचे वेढे किती पडले हे डोळ्यांनी कळत नाही, जास्त झालं की बाळ गुंगतं आणि आपण म्हणतो छान झोपलं. धुरीतला ओवा-वावडिंग कितीही चांगला असो, छातीत शिरतो तो धूरच. मालीश मात्र जरूर करा, नाकाकानात तेल न घालता. त्यात आजीच्या हाताला तोड नाही.

आता द्राक्षं. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल घरात पाटीच असते, म्हणून हे नीट सांगतो. द्राक्ष गोल आणि गुळगुळीत असतं. घशात गेलं की बुचासारखं बसतं. या वयात साल काढून कुस्करून द्या. पुढे पाच वर्षांपर्यंत उभे चार तुकडे. आडवं कापलं तर चकती गोलच राहते, काही उपयोग नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे बेदाणेही तसेच अडकतात.

अडकलंच आणि आवाज, खोकला बंद झाला, तर पाणी पाजू नका, तोंडात बोट घालू नका. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहातानं ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबायचं. निघेपर्यंत आलटूनपालटून, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तुमच्या बीपी-शुगरच्या गोळ्या कुठे असतात? उशाखाली किंवा पिशवीत असतील तर आज रात्रीच उंच फळीवर हलवा. रांगणारं मूल पिशवीच आधी उपसतं. आणि रविवार तुमचा, हे मुलाला सांगा. सूनबाईला नव्हे, मुलाला.

प्रश्न : १४ महिन्यांची मुलगी पाळणाघरात सोडताना आक्रोश करते. आठवडा झाला. चूक झाली का? (इंदिरानगर)

उत्तर : आठ ते अठरा महिने हा आईला चिकटण्याचा काळ, त्यात एकदम सोडलं की रडणारच. दोन आठवडे पायरीपायरीनं घ्या. पहिले तीन दिवस तासभर तुम्हीही बसा, मग अर्धा तास बाहेर, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. गुपचूप निसटू नका. त्यानं मूल दिवसभर दाराकडे बघत राहतं. 'जेवण झालं की येते' म्हणा आणि तेव्हा याच. तुम्ही गेल्यावर दहा मिनिटांत थांबत असेल तर ठीक. आठवड्यानंतरही जेवत-झोपत नसेल तर जागा तपासा.

ती तपासायला दुपारी बारा-साडेबाराला, न सांगता जा. भरवण्याच्या वेळेला खरं चित्र दिसतं. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे निदान एक बाई हवी. मोरीत भरलेली बादली आहे का बघा, वीतभर पाण्यातही लहान मूल बुडतं. लंगोट बदलणारे हात भरवण्याआधी धुतले जातात का, तेही बघा. टीव्ही चालू दिसला तर विचारा किती वेळ. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच.

प्रश्न : दोघंही नोकरीला. पाळणाघरातून 'ताप आहे, घेऊन जा' असा फोन आला की भांडण ठरलेलं. (सातपूर, वडील)

उत्तर : ते ताप नसताना ठरवा. महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी प्रत्येक आठवड्यापुढे एकाचं नाव लिहून ते कपाटावर चिकटवा, आणि पाळणाघराच्या यादीत आधी तुमचा नंबर द्या. तिथे बहुधा आईचाच असतो. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल आणि जुलाब थांबून ४८ तास झाले असतील तरच मुलाला परत पाठवा.

जुलाबात ओआरएसचं एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजानं घालतात तेव्हा ते खारट, घट्ट होतं आणि त्रास वाढवतं. दोन वर्षांखाली दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, जरा हळू. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. मूल सुस्त पडलं, पाणीही पीत नाही किंवा ६-८ तास लघवी झाली नाही, तर पाकिटावर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.