ताप, खोकला, विंचू आणि मासे: पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा सरत आला की आमच्या दवाखान्यात ठरावीक प्रश्न परत परत येतात, त्यातले काही इथे घेतोय. प्रश्न थोडक्यात लिहिलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

लांज्याहून एक आई: बाळ 10 महिन्यांचं, वजन 8 किलो. तापाच्या औषधाच्या घरात तीन बाटल्या आहेत, तिन्हीवर पॅरासिटामॉलच लिहिलंय. मग कुठलीही 5 एमएल दिली तर चालेल ना?

नाही ताई, इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. तिन्हीत औषध एकच पण ताकद वेगळी. ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा 1 एमएलमध्ये 100 मिग्रॅ असतं, साध्या सिरपमध्ये 5 एमएलमध्ये 120 किंवा 125, आणि मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये 5 एमएलमध्ये 250. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ. म्हणजे तुमच्या बाळाला एका वेळी 80 ते 120 मिग्रॅ पुरतं. ड्रॉप्स असतील तर 1 एमएल, 125 वालं असेल तर साधारण 4 एमएल, 250 वालं असेल तर 2 एमएल. आता ड्रॉप्सच 5 एमएल दिले तर किती झालं बघा, 500 मिग्रॅ, चौपटीच्याही वर, आणि हा जास्तीचा मार लिव्हरवर पडतो. दोन डोसमध्ये निदान 4 तास, शक्यतो 6 तास जाऊ द्या, 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. मोजायला बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सिरिंज घ्या, घरातला चमचा नको, प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो.

आणि आकडा खाली आणण्यासाठी औषध देऊ नका, बाळ कण्हतंय, दूध घेत नाहीये, बेचैन आहे म्हणून द्या. 101 ताप असून खेळतंय तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. थंड पाण्याच्या पट्ट्या, बर्फ वगैरे नको, बाळ कुडकुडतं आणि हाती काही लागत नाही.

मात्र 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा वर ताप आला तर घरी काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, रात्र असली तरी. मोठ्या मुलांत ताप तीन दिवसांच्या वर गेला तर रक्त तपासायला हवं, या दिवसांत आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तिन्ही असतात. डेंग्यूचा संशय असेल तर आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.

मालवणहून एक आजी: नातू दीड वर्षाचा, खोकला जाता जात नाही. मेडिकलवाल्याकडचं सिरप थोरल्याला लागू पडलं होतं, तेच देऊ का?

नको आजी. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला कोल्ड्रिफ नावाच्या सिरपने लहान मुलं दगावली, त्यात डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं, ते किडनी निकामी करतं. त्यानंतर केंद्राने परत बजावलं की 2 वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि साधारणपणे 5 वर्षांखालीही टाळायची. विषारी बाटलीचं सोडा, चांगल्या कंपनीच्या सिरपनेही या वयात साध्या सर्दीचा खोकला लवकर बरा होतो असं काही सिद्ध झालेलं नाही, नुसती झोप येते. साधा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. नातू वर्षाच्या पुढे आहे म्हणजे झोपताना अर्धा चमचा मध चालेल, त्याने रात्रीचा खोकला थोडा कमी होतो. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूसुद्धा नका, बोटुलिझम (जंतूंच्या विषाने अंग लुळं पडतं तो आजार) होऊ शकतो. नाक चोंदलंय तर सलाइनचे थेंब घाला. तेल नाकात घालू नका, ते फुप्फुसात उतरतं. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देऊ नका, त्याचा फार फायदा नाही आणि पातेलं उलटून पोरं भाजतात.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दम लागून दूध सोडतंय, ओठ निळसर दिसतायत, तर थांबायचं नाही.

गुहागरच्या बाजूचे एक काका: पुतणीला (वय 6) जांभ्याच्या गडग्यात लाल विंचू चावला. उतरवणाऱ्याने उतरवला, ठणका गेला. तरी हॉस्पिटलला न्यायला हवं होतं का?

हो काका, हवंच होतं, आणि परत कधी झालं तर आधी हॉस्पिटल, बाकी सगळं नंतर. काळी मोठी इंगळी दिसायला भयानक, पण जिवाला धोका असतो तो या लहानशा लाल विंचवाचा. ठणका गेला म्हणजे विष उतरलं असं नसतं. नुसताच ठणका असेल तर ते बरंच असतं, पण घाम सुटला, उलटी झाली, तोंडाला लाळ आली, हातपाय गार पडले, मुलग्यांत लिंग ताठ झालं, तर विष अंगभर गेलंय असं समजायचं. पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं आणि लहान मुलांत हे फार झपाट्याने होतं.

याच्यावर औषध आपल्याच कोकणात सापडलं याचा मला खरंच अभिमान वाटतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी, प्राझोसिन, वापरून विंचूदंशाचे मृत्यू खूप खाली आणले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवावरचं अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, दिलं तर रुग्ण नुसत्या गोळीपेक्षा लवकर सावरतो हेही महाडच्याच अभ्यासातून 2011 मध्ये पुढे आलं. पण गोळी घरी आणून ठेवून स्वतः देऊ नका, तिने प्रेशर खाली जातं, देताना मुलाला आडवं ठेवून बघावं लागतं. तुम्ही एवढंच करा, चावलेला भाग हलवू नका, कापू नका, आवळून बांधू नका, 108 ला फोन लावा नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा. उतरवणाऱ्यावर तुमचा विश्वास असेल तर त्याला गाडीत बरोबर घ्या, पण त्याच्यासाठी वेळ घालवू नका.

मुंबईचे एक बाबा, मूळ देवगडचे: गणपतीत गावी मुलाला जुलाब झाले. ओआरएसची पुडी थोडी थोडी करून ग्लासात घातली, वरून शहाळंही दिलं. बरोबर ना?

पुडी अर्धी करायची नाही दादा, मोठी पुडी असेल तर ती सगळी एकदम 1 लिटर पाण्यात घालायची, 24 तासांत न संपलेलं टाकून द्यायचं. अंदाजे घातली की मीठ कमी-जास्त होतं. दर जुलाबानंतर 2 वर्षांखाली 50 ते 100 एमएल, त्यावर 100 ते 200, चमच्या-चमच्याने, उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून परत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसच्या जागी चालत नाही. कोकम सरबत, पॅकमधले ज्यूस नकोत, साखरेने जुलाब वाढतात. गोड पेयांवर ओआरएस छापणं एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेने) 2025 मध्ये बंद केलंय, तरी घेताना पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते बघा. मीठ घातलेली पेज उत्तम, जेवण आणि अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं. आणि सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल गेलेत, मूल सुस्त पडलंय किंवा शीमधून रक्त पडतंय, तर लगेच दाखवायला या.

हर्णैहून: बाळाला मासे कधी सुरू करायचे? सासूबाई म्हणतात दोन वर्षांनी.

6 महिने पूर्ण झाले की. उशिरा दिल्याने अ‍ॅलर्जी टळत नाही. बांगडा, तारली, मऊ शिजवून, काटा बोटाने दोनदा चाचपून, भातात कुस्करून द्या. मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई मात्र लहान बाळाला नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. मासे आणि दूध एकाच दिवशी खाल्ल्याने कोड येत नाही, ती भीती काढून टाका.

दापोलीहून: दात येताना 103 ताप आला, दाताचाच असेल ना?

नाही. दातामुळे लाळ गळते, चिडचिड होते, एवढा ताप येत नाही. दाखवून घ्या.