पाऊस थांबला तरी मायक्रोवेव्ह लिंकचा सिग्नल खालीच का राहतो?

तुमची अडचण अशी: रावेरकडच्या टॉवरवर ६ गिगाहर्ट्झची लिंक, पाऊस उघडला तरी सिग्नल दिवसभर खाली, आणि डिहायड्रेटर (लाइनमध्ये कोरडी हवा भरणारं यंत्र) सारखा चालू.

६ गिगाहर्ट्झला पाऊस फारसा सिग्नल खात नाही. पावसाबरोबर पडणारा आणि लगेच सावरणारा सिग्नल साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर दिसतो. तुमच्या वेव्हगाइडमध्ये (अँटेनापर्यंत सिग्नल नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत) पाणी शिरलंय, असंच वाटतं. डिहायड्रेटर थांबत नाही म्हणजे हवा गळतेय. जिथून कोरडी हवा बाहेर जाते, तिथूनच दाब उतरला की ओल आत येते.

गळती तपासताना खान्देशातलं ऊन फसवतं. बंद लाइनमध्ये दुपारी ४२ अंशांना ४ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरा; पहाटे २५ अंशांना गेज ३ च्या आसपास दाखवेल, कणभर हवा न गळता! म्हणून हवा भरायचा व्हॉल्व्ह पहाटे बंद करा आणि वाचन दुसऱ्या पहाटेच घ्या. अर्ध्या पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला तर गळती आहे असं धरा.

मग गळती शोधायला साबणाचं पाणी लावत जा, बुडबुडे येतील तिथे गळती: आधी अँटेनाकडचा कनेक्टर, मग प्रेशर विंडो (हवा अडवणारा पण सिग्नल जाऊ देणारा पडदा), मग बाकीचे फ्लँज (जोडाच्या चकत्या). उन्हानं कडक, चपटी झालेली ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) हाच बहुतेक वेळा दोषी असतो. ती नवीच घाला, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन. वरून सीलंट फासू नका, गळती झाकली जाते आणि पुढच्या वेळी सापडत नाही. कनेक्टर नव्यानं बसवायचा असेल तर वेव्हगाइडचं टोक कापताना तोंड खाली ठेवा. तांब्याचा कीस आत पडला की रिटर्न लॉस (सिग्नल किती कमी परत फिरतो याचं माप, जास्त तितकं चांगलं) बिघडतो.

पाणी साचतं ते उपकरण खोलीत शिरण्याआधीच्या सर्वांत खालच्या वळणात. ट्रान्समीटर बंद करून, कुणी चालू करणार नाही याची खात्री करूनच खालचा फ्लँज उघडा आणि पाणी निथळू द्या. फ्लँज परत जोडा, मग अँटेनाकडचा, वरचा प्लग काढून खालून कोरडी हवा काही तास सोडा. प्लग बसवून दाब भरला की स्वीप (सगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजणी) घ्या: रिटर्न लॉस २६ डीबी (त्याच गोष्टीचं दुसरं माप, व्हीएसडब्ल्यूआर, साधारण १.१), निदान तेवढा मिळायला हवा. मिळाला नाही तर वेव्हगाइडला कुठेतरी पोचा असेल. क्लॅम्प साधारण मीटरभर अंतरावर हवेत, पण वेव्हगाइड चेपेल इतके आवळलेले नकोत.

डिहायड्रेटरमधलं ओल शोषणारं निळं सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर आताच बदला, नाहीतर तो ओलीच हवा भरत राहील.