तरुणांसाठीच्या रोजगार-प्रशिक्षण योजना सगळ्या पोरांपर्यंत का पोचत नाहीत, आणि पोचवायच्या तर काय करायला पाहिजे?

प्रश्न विचारणाऱ्याने विचारलंय की सरकार एवढ्या योजना काढतं तरी गावातली निम्मी पोरं रिकामी का दिसतात. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही, बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सेतू, म्हणजे सरकारी फॉर्म-दाखल्यांचं केंद्र चालवतो, आठ वर्षं झाली. योजना जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याच काउंटरवर येते, त्यामुळे कोण आत जातं आणि कोण दारातूनच परत फिरतं ते रोज बघतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंच घ्या, म्हणजे ऑफिसात नाहीतर कंपनीत काम शिकायचं आणि सरकार मानधन देणार. 2024 च्या जुलैत आली, वर्षाला 10 लाख पोरांचं टार्गेट, वय 18 ते 35, बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000 आणि ग्रॅज्युएटला 10,000. आधी सहा महिने होती, नंतर 11 केले. आता यात नीट बघा, खालची पायरीच बारावी आहे. आमच्याकडे ज्या पोरांना खरी गरज आहे ती दहावीच्या आतच गळालेली असतात, कारण दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकात जातात, पोरगं सोबत जातं, मार्च-एप्रिलला परत येतं तोवर वर्ष गेलेलं असतं, आणि असं दोन-तीनदा झालं की शाळा त्याला विसरते आणि ते शाळेला. मागं एक म्हातारा नातवाला घेऊन आला, "सायेब, ह्याला बी बसवा की त्या सहा हजारात." पोरगं 19 वर्षाचं, दहावी नापास. काय सांगणार त्याला? फॉर्ममध्ये शिक्षणाच्या खान्यात त्याच्यासाठी जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट, खाजगी आस्थापना असेल तर तिथं किमान 20 लोक कामाला पाहिजेत आणि ती तीन वर्षांची जुनी पाहिजे. पुण्या-संभाजीनगरला ठीक आहे हो, आमच्या तालुक्यात 20 माणसं कामाला असलेली किती ठिकाणं सापडणार? म्हणून इकडची पोरं ग्रामपंचायत, झेडपीची शाळा, नाहीतर तहसीलमध्ये लागली, 11 महिने नोंदी केल्या, झेरॉक्स काढल्या, आणि मुदत संपल्यावर परत घरी. मग आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनं झाली, ती तुम्ही बातम्यांत बघितलीच असतील. पोरांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ज्या ऑफिसात शिकवलं तिथं भरतीच नसेल तर शिकून जायचं कुठं?

केंद्राची पीएम इंटर्नशिप 2024 च्या ऑक्टोबरात आली, तिला दहावी पास चालायची, तेव्हा महिना 5,000 होते. पण कंपन्या सगळ्या मोठ्या, म्हणजे जागा शहरात. 5,000 मध्ये पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेस भरली की हातात काय उरतं ते ज्याने काढलंय त्याला विचारा. वय पण तेव्हा 21 ते 24 च होतं, 25 वं लागलं की विषय संपला.

आणि बँकेची भानगड तर विचारूच नका. पैसे डीबीटीने येतात, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, आणि खातं कुठलं, तर आधारला जे शेवटचं जोडलंय ते. एक मुलगी तीन महिने मानधन आलं नाही म्हणून चकरा मारत होती, ऑफिसवाले म्हणायचे आम्ही पाठवलंय, बँकवाले म्हणायचे आमच्याकडे नाही. शेवटी बघितलं तर सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन तिचं कुठलंतरी मोबाईलवालं खातं उघडून ठेवलेलं, पैसे सगळे तिकडे पडलेले. तिला माहीतच नव्हतं! तीन महिने ती उसने पैसे घेऊन एसटीने येत होती, बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निदान जमलं.

मग करायचं काय? माझं म्हणणं एकच आहे, योजनेची सुरुवात फॉर्मपासून करू नका, पोरांच्या यादीपासून करा. आता उलटं चाललंय, लिंक सुटते, व्हॉट्सअ‍ॅपला फिरते, ज्याला कळलं तो येतो, म्हणजे जो आधीच थोडा पुढं आहे तोच अजून पुढं जातो. गळालेल्या पोरांची नावं शाळेच्या रजिस्टरला आहेत, आशाताईला घर न घर माहीत आहे, आणि तोडीला कोणाचं पोरगं गेलंय हे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाइतकं कोणालाच माहीत नाही. ती यादी काढून मे महिन्यात, लोकं गावात असताना, गावातच बसून नोंदणी करा. ऐन ऊसतोडीत मुदत ठेवून उपयोग काय.

शिवाय दहावी नापासवाल्यासाठी काहीच नाही असंही नाही. आयटीआयला वेल्डर, प्लंबर असे काही ट्रेड आहेत जिथं दहावी नापासलाही घेतात. आणि आरसेटी म्हणून बँकांची प्रशिक्षण केंद्रं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, तिथं मोटार रिवाइंडिंग, शिलाई, मोबाईल रिपेअरिंग फुकट शिकवतात, वर राहणं-खाणं पण फुकट. माझ्या मते ही त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट, कारण पोराच्या खिशातून एक रुपया जात नाही. पण गंमत बघा, माझ्या काउंटरवर 6,000 वाली योजना विचारायला रोज माणसं येतात, आरसेटी आजवर एकानेही स्वतःहून विचारलेली नाही.

त्या म्हाताऱ्याच्या नातवाला मी तिकडंच पाठवला. महिनाभर राहून रिवाइंडिंग शिकला, उन्हाळ्यात गावातल्या विहिरीवरच्या दोन-चार मोटारी भरल्या पण. दुकान टाकायचं म्हणत होता. पण घरच्यांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, त्यामुळे दिवाळीनंतर तो पण गेला तोडीला. जाताना लोनचे कागद माझ्याकडे ठेवून गेलाय, म्हणाला एप्रिलमध्ये आलो की भरू.