ठाण्याच्या पावसात कन्व्हर्टिबल : कापडापेक्षा निचऱ्याकडे लक्ष द्या

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. आपण विकत घेऊ पाहत असलेली कापडी छताची, सात-आठ वर्षे वापरलेली कन्व्हर्टिबल (छत घडी करून उघडता येणारी गाडी) घोडबंदर रोडवरील सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, झाडाखाली ठेवून पावसाळा निभावेल का, आणि जून ते सप्टेंबर छत अजिबात न उघडणेच योग्य का. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘निभावेल, पण झाडाखाली नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

या गाड्यांविषयी आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज असा की, कापड आहे म्हणजे ते गळणार. चांगल्या कन्व्हर्टिबलचे कापड तीन थरांचे असते; बाहेर विणलेले कापड, मध्ये रबराचा पातळ थर आणि आत पुन्हा कापड. फाटलेले किंवा शिवणीत उसवलेले नसेल तर ते ठाण्याचा पाऊसही सहज सोसते. गाडीचा घात होतो तो छतावरून घरंगळलेले पाणी पुढे कोठे जाते याकडे कोणी पाहत नाही म्हणून. छत घडी होऊन जेथे बसते, त्या खाचेच्या कडेने एक पन्हळ असते. पाणी तिच्यात उतरते आणि दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्यांतून बहुतेक मॉडेलमध्ये मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. या नळीचे तोंड बोटाएवढेही नसते. ते बुजले की पन्हळ भरते, पाणी आतल्या बाजूला ओसंडते आणि कार्पेटखालच्या जाड फोममध्ये मुरते. वरून कार्पेट कोरडे लागते, खाली मात्र महिनोन्‌महिने ओल टिकते. अनेक गाड्यांत सीटखाली किंवा डिकीच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि छताचा हायड्रॉलिक पंप बसवलेला असतो. ही ओल तिथपर्यंत पोहोचली की दुरुस्तीचा खर्च नव्या कापडाच्या खर्चालाही मागे टाकू शकतो.

म्हणूनच झाडाचा मुद्दा मी आधी घेतला. आपल्या परिसरात सोसायट्यांच्या कडेला गुलमोहर, सोनमोहर आणि रेन ट्री सर्रास आहेत. गुलमोहराची पाने इतकी बारीक असतात की ती हाताने वेचता येत नाहीत. पहिल्या सरीबरोबर ती पन्हळीत वाहत जातात आणि मेट्रोच्या व इमारतींच्या बांधकामाची धूळ त्यांत मिसळून नळीच्या तोंडाशी चिखलाचा घट्ट बोळा तयार होतो. सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या एप्रिल-मेमध्येच हे काम सुरू करतात. सोसायटीत जागा बदलून मिळत असेल तर ती मागून घ्या; उघडी जागा चालेल, पण झाडाखालची नको. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, मिळाली तर उत्तमच.

निचरा तपासण्याची रीत सोपी आहे. छत अर्धवट उघडून पन्हळ नजरेस येईल अशा स्थितीत आणा. कोणत्या स्थितीत थांबवायचे आणि छताला आधार कसा द्यायचा हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या, कारण हायड्रॉलिक छत मध्येच सोडून दिले तर दाब उतरून ते हळूहळू खाली येते. आधी ओल्या कापडाने कचरा काढून घ्या. मग पाण्याची बाटली घेऊन पन्हळीच्या एका कोपऱ्यात बारीक धार धरा आणि दुसऱ्या माणसाला मागच्या चाकाजवळ वाकून बघायला सांगा. धार सोडल्यावर काही क्षणांत खाली तितकीच धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल किंवा पाणी गढूळ येत असेल तर नळी अर्धी बुजलेली आहे. गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात ती जाड नायलॉनची दोरी वरून हलक्या हाताने आत सारा, पुढेमागे करा आणि पुन्हा पाणी सोडा. गॅरेजमध्ये कंप्रेसरची हवा मारून नळी साफ करण्याचा आग्रह धरतात, त्याला ठामपणे नकार द्या. त्या झोताने नळी आतल्या आत सांध्यातून निसटू शकते आणि मग निचऱ्याचे पाणी थेट गाडीतच उतरते. ही तपासणी मेच्या अखेरीस एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला करावी. ठाण्यात वर्षाला पडणारा सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा या चार महिन्यांतच पडतो, तेव्हा हा पंधरवडा चुकवू नये.

आता छत बंद ठेवण्याविषयी. चार महिने न हललेल्या छताच्या घड्यांत हवा खेळत नाही, रबरी बीडिंग (फटी बंद करणारी कडेची पट्टी) काचेला आणि लोखंडाला चिकटून बसते, सांध्यांतील वंगण घट्ट होते आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा बटण दाबले की बीडिंग फाटून निघते. पावसाने उघडीप दिली की, कापड पूर्ण कोरडे असल्याची खात्री करून, आठवड्यातून एकदा छत उघडून पुन्हा लावावे. ओले छत घडी करून ठेवू नये, कारण आत दमट अंधारात बुरशी धरायला फार वेळ लागत नाही आणि कापडावरचे तिचे काळे ठिपके नंतर सहसा जात नाहीत. याच कारणासाठी पावसाळ्यात बॉडी कव्हर मला पसंत नाही. ते पाणी अडवते त्यापेक्षा ओल अधिक कोंडून ठेवते.

छत चालवताना गाडी सपाट जागी उभी असावी. एक चाक फुटपाथवर चढलेले असेल तर बिनछताची बॉडी किंचित पिळवटते आणि कुलपाचे आकडे आपल्या खाचेत नीट बसत नाहीत. इंजिन चालू ठेवा, कारण पंप बॅटरीकडून बराच प्रवाह ओढतो आणि अशक्त बॅटरीवर छत अर्ध्यात अडकते. डिकीतील सामान वेगळे ठेवणारा पडदा किंवा पट्टी जागेवर नसेल तर छत हलतच नाही. ‘पंप गेला’ म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या कितीतरी गाड्यांत एवढेच कारण निघते. स्टिल्ट पार्किंगमध्ये डोक्यावरचे पाइप आणि बीम पाहून घ्या, कारण उघडताना छत बंद स्थितीपेक्षा बरेच वर उचलले जाते. मिनी कन्व्हर्टिबलचे छत ताशी ३० किलोमीटरपर्यंत आणि ऑडी ए३ कॅब्रिओलेटचे ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत उघडता येते हे खरे, परंतु आपल्या रस्त्यांवरील खड्डे आणि गतिरोधक पाहता गाडी उभी करूनच ते काम करावे असे माझे मत आहे.

बॅटरीवर आणखी एक गोष्ट अवलंबून असते. या गाड्यांच्या दाराच्या काचांना वरून चौकट नसते. दार उघडताना काच थोडी खाली उतरते आणि बंद झाल्यावर वर जाऊन बीडिंगमध्ये शिरते. बॅटरी मंद झाली की काच उतरत नाही, दार ओढताना ती बीडिंगला घासते आणि मग कोपऱ्यातून पाणी येऊ लागते. गाडी फक्त रविवारी निघत असेल तर चार्जर लावण्याची सोय करून ठेवा.

कापडाची धुलाई वॉशिंग सेंटरवर सोडू नये. फिरत्या ब्रशने तंतू विस्कटतात आणि प्रेशरचा झोत जवळून मारला तर शिवणीतून पाणी आत जाते. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने झाडा, नंतर सौम्य शाम्पूच्या पाण्याने विणीच्या दिशेने, पुढून मागे, हलके घासा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. कबुतरांची विष्ठा खरवडू नका. ओल्या फडक्याने भिजवून मऊ होऊ द्या आणि मग टिपून घ्या. कापडावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे न थांबता पसरू लागले, की जलरोधक स्प्रे मारण्याची वेळ झाली असे समजावे. तो मेमध्ये मारावा, काच आणि रंग आधी कागदाने झाकून घ्यावा आणि नंतर निदान एक दिवस गाडी पाण्यापासून दूर ठेवावी. बीडिंगला सिलिकॉनचे वंगण पातळ लावा. पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल रबराला लावू नका, त्याने ते फुगते आणि मऊ पडते.

लोखंडी घडीचे छत घेतले तर यातून सुटका होईल, असेही आपल्याला कोणी सुचवले आहे. मी सहमत नाही. तिथेही पन्हळ, नळ्या आणि बीडिंग असतातच, शिवाय सांधे, सेन्सर आणि सिलिंडर अधिक असतात. कापडाची डागडुजी करता येते. लोखंडी छताचे तुकडे एकमेकांशी जुळवणारा कसबी कारागीर मिळणे फार कठीण. साधी सेडान घेऊन छत कापून घेण्याचा विचार तर मनातूनही काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ते चालत नाही, आणि छत नसलेल्या बॉडीला लागणारी खालची मजबुती त्या गाडीत मुळात नसतेच.

चालवण्याचा खरा आनंद नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पहाटे, येऊरच्या पायथ्याशी किंवा पाम बीच रोडवर मिळतो. काचा वर ठेवा, मागचा वारारोधक लावा आणि हीटरची थोडी हवा पायांवर घ्या, म्हणजे गारठा जाणवत नाही. अटल सेतूवर जाणार असाल तर छत उघडायचे की नाही हा निर्णय सेतूवर चढण्यापूर्वी, उलव्याच्या शिवाजीनगरलाच घ्या, कारण सेतूवर थांबण्यास मनाई आहे. खाडीकाठची खारी हवा लागल्यावर त्याच दिवशी छताचे उघडे सांधे कोरड्या फडक्याने पुसून ठेवावेत.

टोकन देण्यापूर्वी वर सांगितलेली पाण्याची परीक्षा विक्रेत्यासमोर घ्या. चारही सीटांखाली कार्पेटवर तळहात जोराने दाबून पाहा आणि स्टेपनीच्या खळग्यात गंज किंवा पाण्याची रेषा आहे का ते बघा. काचा बंद करून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा आणि दार उघडताच कुबट वास आला तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी सोडून द्या. विम्यात रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (झिजेपोटी भरपाईतून होणारी कपात) धरला जातो, त्यामुळे कापडी छत आणि बीडिंग कोणत्या गटात मोडतात हे कंपनीकडून लेखी घ्या आणि शक्य असेल तर शून्य घसाऱ्याची जोड पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून लावून घ्या.