‘नुमु’ आणि ‘नेवे’ : मधल्या ‘म’चे काय झाले?

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील मूलनिवासी उत्तर पायूट लोक स्वतःला ‘नुमु’ म्हणवतात आणि त्यांचे शेजारी शोशोनी लोक ‘नेवे’. दोन्हींचा अर्थ ‘माणसे’ असाच असेल तर हा मुळात एकच शब्द आहे का, असा प्रश्न आहे. शब्द एकच आहे. त्यातला स्वरभेद निव्वळ लेखनाचा, कारण ओठ गोल न करता उच्चारलेला ‘उ’सारखा स्वर एका रोमन लेखनपद्धतीत ‘यू’ या अक्षराने आणि दुसरीत ‘ई’ या अक्षराने दाखवतात. खरा भेद ‘म’ आणि ‘व’ यांचा आहे.

याच शब्दावरून भाषावैज्ञानिक सिडनी लॅम्ब यांनी 1958 मध्ये ‘न्यूमिक’ हे नाव दिलेल्या, युटो-अझ्टेकन या अमेरिकी मूलनिवासी भाषाकुळातील या दोन्ही भाषांच्या शाखेत दोन स्वरांमधले एकेरी व्यंजन शिथिल होण्याची प्रवृत्ती आहे: ‘प’चा घर्षक, म्हणजे हवा घासत उच्चारलेला, ‘व’ होतो, ‘त’ ‘र’कडे झुकतो. जोडव्यंजनातला किंवा अनुनासिकानंतरचा स्पर्श (‘प’, ‘त’ यांसारखे हवा क्षणभर अडवणारे व्यंजन) मात्र टिकतो. एकेरी ‘म’ पश्चिमेकडील पायूट आणि मोनो भाषांत तसाच राहिला, शोशोनीत त्याचा ‘व’ झाला, तर दक्षिण पायूटमध्ये ‘ङ्व’ झाला. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘दीप’चा ‘दिवा’ होताना आपल्याकडेही हेच घडले. कोमांची ही शोशोनीपासून फुटलेली भाषा असूनही तिच्यात ‘म’ ऐकू येतो, त्यावरून शोशोनीतला बदल या फुटीनंतर पूर्ण झाला असावा, असा माझा तर्क आहे.

याहून नवल शब्दजोडणीचे आहे. दक्षिण पायूटमध्ये एकाच प्रत्ययाचा आरंभीचा ‘प’ काही शब्दांनंतर शिथिल होतो, काहींनंतर दुहेरी होतो, तर काहींनंतर ‘म्प’ होतो, आणि यांपैकी काय होणार हे आधीचा शब्द ठरवतो. त्या शब्दाच्या शेवटी पूर्वी असलेले आणि आता एरवी ऐकू न येणारे व्यंजन किंवा अनुनासिक अशा जोडणीत पुन्हा प्रकट होते. जिथे असे काही नव्हते तिथे ‘प’ शिथिल झाला, पण बोलणाऱ्याच्या मनातून तो गेला नाही. भाषावैज्ञानिक एडवर्ड सपीर यांनी 1933 मध्ये नोंदवले आहे की, ‘पाण्यापाशी’ या अर्थाचा, ‘पाव’सारखा ऐकू येणारा शब्द तोडून म्हणायला सांगितल्यावर त्यांचे पायूट सहकारी टोनी टिल्लोहाश यांनी तो ‘पा’ आणि ‘प’ असा तोडला होता.